तोम्स्क येथील एक गणित-निबंध

मोलाचा कागद पुष्कळदां राजधानीच्या दप्तरांत न मिळतां आडगांवच्या एखाद्या रुमालांत सांपडतो, हें संशोधकांस ठाऊक आहे. छापील लेखांविषयींहि असें घडतें. त्याचें एक उदाहरण येथें देतों.

१९३७ सालीं जॉन फॉन नॉयमन हे प्रिन्स्टन येथील इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी या संस्थेंत प्राध्यापक होते. त्यांचा मॅट्रिक्सविषयींचा एक निबंध त्या वर्षीं सैबेरियांतील तोम्स्क विश्वविद्यालयाच्या पत्रिकेच्या पहिल्या खंडांत, पृष्ठें २८६ ते ३०० वर, प्रसिद्ध झाला.

मॅट्रिक्स म्हणजे ओळी व रकाने यांत मांडलेल्या संख्या. दोन ओळी व दोन रकाने यांची मांडणी त्रिज्या १ असलेल्या वर्तुळास लावली असतां सामान्यतः त्याचें दीर्घवर्तुळ होतें. त्याच्या अर्धाक्षांच्या लांबींस सिंग्युलर मूल्यें म्हणतात. आकृति आधीं किंवा मागून नुसती फिरविली, किंवा आरशांतल्याप्रमाणें उलटविली, तरी तीं बदलत नाहींत. मग अशा फिरविण्यानें न बदलणारीं मॅट्रिक्सचीं मापें कोणतीं? नॉयमन यांनीं सिद्ध केलें कीं, असें प्रत्येक माप केवळ सिंग्युलर मूल्यांवरून ठरतें. उलटपक्षीं, क्रम किंवा चिन्ह बदलल्यानें न बदलणारें संख्यासमूहाचें कोणतेंहि माप घेतल्यास त्यापासून मॅट्रिक्सचें असें माप मिळतें. अर्धाक्ष ३ व ४ असतील, तर त्यांतील मोठा ४, वर्गांच्या बेरजेचें वर्गमूळ ५ आणि नुसती बेरीज ७, हीं तिन्ही मापें एकाच कुळांतलीं होत. दोन मॅट्रिक्सच्या बेरजेचें माप त्यांच्या मापांच्या बेरजेहून अधिक होऊं नये, ही अट सिद्ध करणें हाच यांतील अवघड भाग होय.

ज्या तोम्स्कमध्यें हा निबंध छापला, तेथेंच फ्रिट्झ नोएथर हे गणिताचे प्राध्यापक होते. प्रसिद्ध गणितज्ञ एमी नोएथर या त्यांच्या भगिनी. नाझी राजवटींत ज्यू म्हणून ब्रेस्लाउ येथील पद गेल्यावर ते १९३४ सालीं तोम्स्कला आले होते. निबंध निघाला त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यांस जर्मन हेर ठरवून अटक झाली. पुढें २५ वर्षांची शिक्षा झाली; आणि १९४१ च्या सप्टेंबरांत ओर्योल येथें त्यांस गोळी घालण्यांत आली. १९८८ सालीं सोव्हिएट सर्वोच्च न्यायालयानें तो आरोप निराधार ठरविला.

निबंध मात्र लुप्त झाला नाहीं. १९५१ सालीं की फान यांनीं व १९६० सालीं लिओन मिर्स्की यांनीं हा विषय पुढें नेला. नॉयमन यांच्या समग्र लेखसंग्रहाच्या चवथ्या खंडांतहि निबंधाचें पुनर्मुद्रण झालें आहे. त्यामुळें आज अभ्यासकास तोम्स्कचा मूळ खंड उघडण्याचें कारण उरलें नाहीं; तरीहि स्थलनिर्देश देतांना मूळ पत्रिकेचें नांव व साल आधीं लिहावें, असा आमचा आग्रह आहे. तें गाळल्यानें सिद्धान्तांत कांहीं उणें होणार नाहीं. पण १९३७ सालचें तोम्स्क आणि तेथील तो निर्वासित प्राध्यापक हीं वाचकाच्या दृष्टीआड होतील.