सरकीचा हिशेब

खानदेशच्या कापसाचा इतिहास लिहिणारे बहुधा रुईपाशीच थांबतात. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस लिव्हरपूलला पोहोचेना, आणि आमच्या तापीकाठच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६५ मध्ये युद्ध सरले नि भाव कोसळले. मला वाटते, खरा हिशेब सरकीचा मांडावा. वेचलेल्या कापसाच्या तीन हिश्शांत सुमारे दोन सरकीचे, एक रुईचा! रुई विलायतेला गेली. सरकी गुरांच्या आंबोणाला आली, पऱ्हाट्या चुलीला. युरोपात बीटाने साखर देऊन चोथा गोठ्याला दिला. तोच धर्म जळगाव-धुळ्याकडे कपाशीने पाळला. म्हणून वाचकहो, लिव्हरपूलच्या भावाशेजारी आपल्या गोठ्याची नि चुलीचीही नोंद हवी. भाव पडला, तरी गाईला आंबोण आणि भाकरीला जाळ लागतोच.