आईला विचारा, आत्यालाही विचारा



नाक आईसारखं, केस आजीसारखे, असं आपण सहज म्हणतो. पण पाळी जाण्याचं वय कुणावर गेलं, हे सहसा कुणी विचारत नाही. शास्त्रालाही ते विचारायला बराच वेळ लागला.

१८२१ साली फ्रान्समधल्या गार्दान नावाच्या डॉक्टरांनी या बदलाला 'मेनोपॉज' हे नाव दिलं. त्या शतकातले डॉक्टर कुणाची पाळी लवकर जाते, कुणाची उशिरा, याचं कारण हवापाणी आणि राहणीमानात शोधत.

खरी गोष्ट अशी, की मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. कणगीतल्या धान्यासारखा हा साठा कमी होत जातो. तो सरत आला की पाळी थांबते. मग कुणाची कणगी लवकर रिकामी का होते?

उत्तर जुळ्या बहिणींनी दिलं. हुबेहूब जुळ्यांची जनुकं एकसारखी असतात. इतर जुळ्या साध्या बहिणींइतक्याच सारख्या. १९९८ साली ब्रिटनमध्ये दोन्ही प्रकारच्या जुळ्यांची वयं ताडून पाहिली. हुबेहूब जुळ्यांची वयं जास्त जुळली. बायकाबायकांमधल्या फरकाचा साधारण ६३ टक्के वाटा वारशाचा निघाला.

२०२१ साली सुमारे दोन लाख बायकांच्या अभ्यासातून या वयाशी जोडलेल्या जनुकांच्या २९० जागा समजल्या. त्यातल्या बऱ्याच पेशीतली मोडतोड दुरुस्त करण्याच्या कामाच्या आहेत. मात्र त्या बायका युरोपीय वंशाच्या होत्या.

वारसा म्हणजे सगळं नव्हे. विडी-सिगारेटनं पाळी वर्ष-दोन वर्षं आधी जाते. आणि पिशवी काढल्यामुळे पाळी बंद झाली असेल, तर ते वय वारशात धरायचं नाही.

म्हणून आईला विचारा, मावशीला विचारा: पाळी कधी गेली? आपोआप, की ऑपरेशननं? जनुकं वडिलांकडूनही येतात, तेव्हा आत्यालाही विचारा. घरात लवकर जाण्याची रीत असेल, तर लेकींना वेळेत सांगा. आणि चाळिशीच्या आत पाळी बंद झाली, तर "आमच्यात असंच असतं" म्हणून गप्प बसू नका. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयालाही धोका वाढतो. डॉक्टरांना दाखवा.

दागिन्यांचा वारसा आपण नीट सांगून ठेवतो. हाही सांगून ठेवू या.