स्मृतिभ्रंशाच्या खुणा

१९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली. नाव ऑगुस्ट डेटर. डॉ. आलोइस आल्झायमर यांनी तिला नवऱ्याचे नाव विचारले, तर तिने स्वतःचेच सांगितले. १९०६ मध्ये ती वारली. तेव्हा म्युनिकला असलेल्या डॉक्टरांनी तिचा मेंदू मागवून घेतला आणि चांदीच्या क्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पेशींच्या बाहेर साक्याचे ठिपके आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे! त्याच वर्षी ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे सांगितले. एकाही श्रोत्याने प्रश्न विचारला नाही. वक्त्याला याहून मोठी शिक्षा नाही.

या रोगाचा खरा पुरावा पुढे कितीतरी वर्षे शवविच्छेदनानंतरच मिळे. रोगी गेल्यावर कळलेल्या निदानाचा घरच्यांना काय उपयोग?

तो साका कशाचा, हे शोधण्याची वाट १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी मोकळी केली. रोग्यांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून त्यांनी अमायलॉइडचे प्रथिन वेगळे काढले. साक्यातले प्रथिन तेच निघाले. धागे टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे, हेही त्याच दशकात कळले. मग १९९० नंतर शास्त्रज्ञ मणक्यातल्या पाण्यात या दोघांचा माग काढू लागले. टाऊ वाढलेले आढळले. अमायलॉइडचा एक प्रकार मात्र कमी! हे उलटे कसे? पाटाच्या पाण्यातला गाळ वरच्याच वाफ्यात बसला, तर खाली पाणी निवळच येणार. प्रथिन मेंदूतच साचते, म्हणून मणक्यात कमी उतरते.

पण पाठीत सुई टोचून घ्यायला म्हातारी माणसे कचरतात, आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. रक्तात ही प्रथिने इतकी अल्प असतात, की त्यांची नीट मोजणी करणारी साधने यायला आणखी वीसएक वर्षे लागली. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या रक्तचाचणीला संमती दिली. तीत टाऊचा एक प्रकार आणि अमायलॉइड यांचे प्रमाण पाहतात. संमती ५५ वर्षांवरील, लक्षणे दिसणाऱ्या रोग्यांपुरती आहे, हे विसरू नये. शाबूत स्मरणशक्तीच्या वृद्धांच्या मेंदूतही अमायलॉइड सापडते. मूत्रपिंडाच्या विकारातही रक्तातले टाऊ वाढते. थायरॉइडचा बिघाड किंवा ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही विसर पडतो, आणि त्यांवर उपचार आहेत. घरातले वडीलधारे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागले, तर आधी डॉक्टरांनी हे सारे तपासून पाहावे. रक्तातल्या या खुणांची पाळी त्यानंतरची.