मांडीवरील गिटार

वाद्य दुकानात जन्मास येते, ही समजूत सार्वत्रिक असली तरी खरी नाही. दुकानात लाकूड, तारा आणि खुंट्या मिळतात. वाद्य हे मागाहून, कानाची गरज आणि हाताची खटपट यांच्या संयोगाने घडत जाते. वरवर पाहता क्षुल्लक वाटणाऱ्या ह्या विधानाचा विचार करण्याचा प्रसंग मजवर मोठ्या गमतीने आला.

गेल्या पावसाळ्यात यवतमाळ येथे माझ्या घरी मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची एक गिटार येऊन दाखल झाली. ती दूरच्या एका दुकानातून मागविलेली, आणि साध्या सायकलीच्या किमतीत मिळालेली. तिला पोकळ पोट नाही. दीड हात लांबीची लाकडी फळी, तीवर सहा तारा, तारांखाली लोहचुंबक व तारेचे वेटोळे, एवढाच तिचा संसार. संगीताची उत्तम जाण असलेले माझे एक वृद्ध स्नेही ती पाहावयास आले, आणि चष्मा वर सारून म्हणाले, "अहो, ही तर पोळपाटाची बहीण! हिच्यावर आपण यमन वाजविणार? स्वस्त वस्तू घ्यायची, ती परकी घ्यायची, आणि वर तिची मोडतोड करायची. त्यापेक्षा सरळ सतार का घेतली नाहीत?"

मला तत्काळ उत्तर सुचले नाही. परंतु त्यांच्या बोलण्यात तीन आक्षेप होते, आणि तिन्ही विचारार्ह होते: वाद्य हलके आहे, ते परके आहे, आणि त्यात फेरफार करणे हे त्याच्या मूळ स्वरूपाशी इमान नव्हे. ह्या तिन्हींचे उत्तर त्या वाद्याच्या इतिहासातच सापडते, असे मला पुढे दिसून आले. तो इतिहास वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

गिटार हे हवाई बेटांचेही स्वतःचे वाद्य नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुरे राखण्याच्या कामी मेक्सिकोकडील जे घोडेस्वार त्या बेटांवर आणले गेले, त्यांच्याबरोबर ते तेथे पोहोचले. बेटवासीयांनी ते घेतले आणि लागलीच बदलले. आपल्या गाण्यास सोयीच्या अशा रीतीने त्यांनी तारा उतरविल्या व नव्या मेळात लावल्या. पुढची पायरी ओआहू बेटावरील लाइये गावी 1874 साली जन्मलेल्या जोसेफ केकुकू याच्या नावे सांगितली जाते. शाळकरी वयात, 1889 च्या सुमारास, रेल्वेच्या रुळावरून चालत असता त्याने एक लोखंडी खिळा उचलला, तो तारांस लागला आणि स्वर एका जागेवरून दुसरीकडे घसरत गेला, अशी आख्यायिका आहे. ह्याच शोधाचा मान काही लोक गॅब्रिएल डेव्हिअन नावाच्या खलाशास देतात; आणि आपल्या दृष्टीने मौजेची गोष्ट ही, की तो हिंदुस्थानात जन्मलेला होता असे सांगतात. दोन्ही कथांतील तथ्य ज्याचे त्याने ठरवावे. मूर्तिजापूरहून यवतमाळास येणाऱ्या अरुंद रुळांच्या ज्या गाडीस आम्ही प्रेमाने 'शकुंतला' म्हणत असू, ती आता बंद पडली आहे. तिच्या रुळांवरून वऱ्हाडचा कापूस मात्र वर्षानुवर्षे गेला, कोणास स्वर सापडल्याचे ऐकिवात नाही!

आख्यायिका बाजूस ठेवली तरी पुढचा भाग निश्चित आहे. 1915 साली सान फ्रान्सिस्को येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात हवाई संगीताने अमेरिकेस वेड लावले. लोकांस ही गिटार हवीशी झाली. पण प्रत्येकाने नवी घ्यावी कशी? तेव्हा बाजारात एक लहानसा धातूचा तुकडा विकावयास आला. साध्या गिटारीच्या मानेवर, खुंट्यांपाशी, तो चढविला म्हणजे तारा पडद्यांपासून उंच उचलल्या जात, आणि पोलादी कांब पडद्यास न अडखळता तारांवरून फिरू शके. काही आण्यांच्या मोलाच्या त्या तुकड्याने घरोघरची गिटार मांडीवर आडवी झाली. मोठ्या सभागृहात तिचा आवाज अपुरा पडे, म्हणून 1927 च्या सुमारास तिच्या पोटात ॲल्युमिनियमच्या पातळ वाट्या बसविण्यात आल्या. आणि 1932 साली रिकनबॅकर यांच्या कारखान्यातून विजेवर चालणारी गिटार बाहेर पडली. तिचा गोल तबकासारखा आकार व लांब दांडा पाहून लोकांनी तिला 'तव्या'चे नाव दिले. माझ्या स्नेह्यांचा पोळपाट आणि अमेरिकेचा तवा ही एकाच स्वयंपाकघरातील भांडी ठरली, हे पाहून मला फार समाधान वाटले.

पोकळ पोट नाहीसे झाले ह्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. पोलादी तार लोहचुंबकाच्या क्षेत्रात कंप पावू लागली, की चुंबकाभोवतीच्या बारीक तांब्याच्या तारेच्या हजारो वेढ्यांत क्षीण वीजप्रवाह उत्पन्न होतो. यंत्र त्यास मोठे करते. मग आवाज वाढविण्यासाठी पोटाची आवश्यकता उरत नाही. एक भक्कम फळी पुरते. म्हणूनच हे वाद्य स्वस्त होऊ शकले, आणि तीसच्या दशकात अमेरिकेत शिकवणीच्या वर्गांबरोबर विद्यार्थ्यांच्या हाती हजारोंनी गेले. तात्पर्य, स्वस्तपणा हा ह्या वाद्याचा कलंक नव्हे. तो त्याच्या रचनेतून आलेला गुण आहे.

आता परकेपणाचा आक्षेप. तारेवर बोटाने न दाबता एखादा गुळगुळीत पदार्थ फिरवून स्वर काढणे, ही कल्पना आपणांस हवाईकरांनी शिकविली काय? ज्या यादवांच्या काळच्या शैलीतील हेमाडपंती देवळे आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही आहेत, त्यांच्या देवगिरीस, सिंघण राजाच्या पदरी, तेराव्या शतकात शार्ङ्गदेव हा श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा अधिकारी होता. त्याच्या 'संगीतरत्नाकरा'त एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. तिला पडदे नाहीत, तार एकच. आणि डाव्या हातात धरलेली 'कम्रिका' नावाची वेळूची कांडी तारेवरून सरकवून स्वर काढावयाचा. अर्थात, मांडीवरच्या गिटारीचे मूलतत्त्व आपल्याच महाराष्ट्रात, हवाई बेटांत गिटार पोहोचण्यापूर्वी सहाशे वर्षे, ग्रंथनिविष्ट झाले होते.

ती परंपरा अगदी लुप्तही झाली नव्हती. उत्तरेत विचित्र वीणेच्या रूपाने ती होती. पतियाळाच्या अब्दुल अझीझ खाँ यांनी काचेचा गोळा तारांवर फिरवून ते वाद्य विसाव्या शतकात नावारूपास आणले. दक्षिणेत तंजावरच्या मराठी मंडळींकडे तिचे दुसरे रूप होते. श्रीनिवासराव आणि त्यांचे चिरंजीव तिरुविडैमरुदूरचे सखारामराव ह्या पितापुत्रांनी पडदे नसलेल्या वीणेस तेथे प्रतिष्ठा मिळवून दिली. 'गोट्टुवाद्यम्' हे नाव सखारामरावांनीच रूढ केले असे मानतात. दक्षिणेचे थोर गायक सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर हे काही काळ त्यांचे शिष्य होते. गवयाने वादकापाशी शिकावे ह्यातच त्या वाद्याचा गळ्याशी असलेला संबंध दिसून येतो.

गळ्याशी संबंध, हीच येथील किल्ली होय. हार्मोनियम परकेच, ते आपल्या रंगभूमीवर आणि भजनी मंडळांत इतके रुळले की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानीही राहिले नाही. तरीही 1940 साली ऑल इंडिया रेडिओने त्यास बंदी केली, आणि पुढील सुमारे तीस वर्षे ती टिकली. आक्षेप असा, की त्यावर दोन स्वरांमधील वाट चालता येत नाही. एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारावी लागते. गिटारीवरील कांबेस मात्र उडी मारता येत नाही म्हटले तरी चालेल; तिला सारी वाट चालावीच लागते. मींड हा आपल्या संगीताचा प्राण, आणि मींड हाच ह्या वाद्याचा स्वभाव. मग पाहुणा कोण आणि घरचा कोण, हे केवळ जन्मस्थानावरून कसे ठरवावे?

हिंदुस्थानात ह्या गिटारीने पाय रोवले ते प्रथम कलकत्त्यात. टाऊ मो हा सामोआत जन्मलेला व लाइये येथेच वाढलेला वादक आपल्या कुटुंबासह देशोदेशी हिंडत असे. 1940 नंतरची काही वर्षे तो कलकत्त्यास राहिला व तेथे त्याने शिष्य तयार केले. बंगालात ती गिटार रवींद्रसंगीत वाजवू लागली. नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध हे तिचे नामांकित वादक होत. मुंबईस लखनौचे व्हॅन शिपले (1927–2008) यांनी आठ तारांची विजेची गिटार स्वतःच्या कल्पनेने सिद्ध केली आणि चित्रपटगीतांच्या सुरावटी तिच्यावर उतरविल्या.

परंतु रागसंगीताच्या बैठकीत तिला मानाचे आसन मिळवून दिले ते जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा (1937–2018) यांनी. ते अली अकबर खाँ यांचे शिष्य. सरोदाची तालीम घेतलेल्या कानास गिटारीत काय उणे आहे ते बरोबर कळले. त्यांनी गाण्याच्या तारा निवडक ठेवल्या व चिकारीची जोड दिली. 1967 साली निघालेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' ह्या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी ह्यांच्या जोडीस त्यांची गिटार आहे. तबल्यास माणिकराव पोपटकर होते, आणि ही योजना साकार करणारे गृहस्थ म्हणजे मराठी भावगीताचे एक आद्य गायक, विदर्भातून मुंबईस गेलेले जी. एन. जोशी. पुढे जयपूरच्या विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीस तरफांच्या बारा तारा जोडून 'मोहनवीणा' सिद्ध केली. तीस 1994 साली अमेरिकेचे ग्रॅमी पारितोषिक लाभले. म्हणजे हे वाद्य शतकभरात जगाची प्रदक्षिणा करून आले, आणि प्रत्येक मुक्कामी कोणी ना कोणी त्याची 'मोडतोड' केलेलीच आहे!

एवढी हकीगत कळल्यावर माझ्या फळीकडे मी नव्या दृष्टीने पाहू लागलो. तिचे दोष मोजके पण खरे होते. तारेची लांबी साडेबावीस इंच धरून तिच्यावर पडद्यांच्या रेघा छापल्या होत्या. म्हणून बारावी रेघ सव्वाअकरा इंचांवर होती, आणि तेथे बरोबर वरचा षड्ज लागावयास हवा होता. पण घोडी पाव इंच मागे बसविलेली, त्यामुळे तो षड्ज किंचित उतरलेला येई. शेजारच्या सुताराने घोडी पाव इंच पुढे घेतली आणि तिच्याखाली जुन्या दाराच्या सागवानाची पट्टी बसविली. आमच्या जिल्ह्यात सागवानाचा तुटवडा नाही. खुंट्यांजवळची अटी हलक्या प्लास्टिकची होती व तिच्या खाचा कमीअधिक खोल होत्या. त्यामुळे कांब एका तारेवर टेके तर दुसरीवर खडखडे. एका सोनाराने आपल्या बारीक कानशीने पितळेची नवी अटी घासून दिली. ध्वनिक्षेपक दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने वेटोळ्याभोवतालच्या खळग्यास तांब्याचा पत्रा लावून तो जमिनीच्या तारेस जोडला, आणि आवाजामागची घरघर पुष्कळ कमी झाली.

मग तारांचा प्रश्न. अंगठ्याकडील दोन जाड तारा काढून तेथे पातळ तारा तारषड्जात लावल्या. त्या झाल्या चिकारी. कांब त्यांस लागू नये म्हणून सोनाराने त्यांच्या खाचा मुद्दाम अधिक खोल केल्या. उरलेल्या चार तारा षड्ज-पंचमात मिळविल्या. एवढ्यावर ती फळी यमनातला तीव्र मध्यम ओलांडून पंचमावर अशी अलगद उतरू लागली, की माझा अननुभवी हातही क्षणभर लाजला.

ह्या खटपटीत मला एक गोष्ट मनास लागली. सुतार, सोनार आणि तो तरुण, तिघांपैकी कोणीही गिटार पूर्वी हाताळली नव्हती. आणि तिघांचीही नावे कोणत्या इतिहासात यावयाची नाहीत. वादकांची नावे ध्वनिमुद्रिकांवर राहतात, कारखानदारांची नावे वाद्यांवर राहतात. परंतु अटी उंचावणारा, घोडी सरकविणारा, तरफेसाठी दांडीस भोके पाडणारा कारागीर अनामिकच राहतो. देवगिरीच्या ग्रंथात कम्रिकेचे वर्णन आहे. ती वेळूची पहिली कांडी तासून देणारा कोण, ते नाही. वाद्यांचा इतिहास आपण वादकांचा म्हणून लिहितो. तो निम्मा तरी ह्या हातांचा आहे, हे मान्य करण्यास आपण केव्हा शिकणार?

माझ्या स्नेह्यांच्या आक्षेपास उत्तर द्यावे म्हणून मी त्यांस पुन्हा बोलाविले. इतिहास सांगण्याची वेळच आली नाही. त्यांनी चिकारी छेडली, पोलादी कांब हाती घेतली, आणि गंधारावरून षड्जापर्यंत एक लांब मींड अतिशय सावकाश ओढून पाहिली. मग चष्मा पुसत ते इतकेच म्हणाले, "ह्या पंचमाची खुंटी अंमळ सैल आहे हो. सुतारास पुन्हा बोलवा."