दात की धार?
माती उकरण्याच्या हत्यारांचा इतिहास

रस्त्याचे, विहिरीचे किंवा बंधाऱ्याचे काम चालू असले की तिथे एक पिवळे यंत्र हमखास दिसते. आपण त्याला ‘जेसीबी’ म्हणतो. ही जोसेफ सिरिल बॅम्फर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरे आहेत. पुढच्या वेळी असे यंत्र दिसले, तर त्याच्या बादलीच्या काठाकडे नीट पाहा. काही बादल्यांना पाच-सहा जाड दात असतात. काहींचा काठ विळीच्या पात्यासारखा सरळ असतो. ट्रॅक्टरच्या पुढे बसवायच्या बादलीतही हे दोन प्रकार मिळतात, आणि घेणाऱ्याला ठरवावे लागते : दात हवेत की धार?

हा प्रश्न यंत्रांच्या कितीतरी आधीचा आहे. मजूर कामावर निघाला की खांद्यावर टिकाव आणि फावडे, अशी दोन्ही हत्यारे घेऊन निघतो. टिकावाने खणायचे आणि फावड्याने ओढायचे. शेतकऱ्याकडेही नांगर आणि कुळव अशी दोन अवजारे असतात. नांगराचा फाळ म्हणजे एक दात. तो खोल शिरतो आणि ढेकळे काढतो. कुळवाची फास म्हणजे आडवी धार. ती वरचा थर कापत, सारखा करत जाते. एकच अवजार दोन्ही कामे का करू शकत नाही? याचे उत्तर लोखंडात नाही, मातीत आहे. ते नेमक्या शब्दांत मांडायला अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

कूलाँबची माती

शार्ल ऑगस्तँ द कूलाँब (१७३६–१८०६) हे नाव आपण विद्युतभारांच्या नियमामुळे ओळखतो. पण कूलाँब मूळचे फ्रेंच सैन्यातले अभियंते होते. १७६४ ते १७७२ या काळात ते वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर किल्ल्याचे बांधकाम पाहत होते. मातीचा भराव आणि तो अडवणारी भिंत हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. भिंत किती जाड बांधली म्हणजे ती मागच्या मातीच्या रेट्याने ढासळणार नाही? फ्रान्सला परतल्यावर १७७३ मध्ये त्यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. तो १७७६ मध्ये छापला गेला.

त्यातला आपल्या कामाचा विचार असा. मातीचा किंवा दगडाचा एक भाग दुसऱ्यावरून सरकायला दोन गोष्टी विरोध करतात. एक म्हणजे कणाकणांतली पकड, अर्थात संसक्ती. दुसरी म्हणजे घर्षण. पकड ही सरकणाऱ्या पृष्ठाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, वरून दाब असो वा नसो. घर्षण मात्र दाबाच्या प्रमाणात वाढते. कोरड्या वाळूत पकड जवळपास शून्य असते, सगळा विरोध घर्षणाचा. वाळलेल्या चिकणमातीत पकड मोठी असते. कूलाँब यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली : नुकत्याच उकरलेल्या मातीत पकड नाहीच असे धरावे.

टिकाव आणि फावडे यांची जोडी इथे उलगडते. टिकाव पकड मोडतो. पकड मोडलेली माती फावडे उचलते. दाताचे काम पहिले, धारेचे काम दुसरे. ज्या मातीत मोडण्यासारखी पकडच नाही, तिथे दाताला काम उरत नाही.

एक माणूस, दोन कालवे

हा फरक मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल, तर सुवेझ आणि पनामा हे दोन कालवे शेजारी ठेवावेत. दोन्हींची सुरुवात फर्दिनांद द लेसेप्स यांनी केली.

सुवेझचे काम १८५९ मध्ये सुरू झाले. आरंभी इजिप्तच्या शेतकऱ्यांना वेठीला धरून हातांनी खोदकाम करून घेतले जाई. १८६४ मध्ये ही वेठ बंद झाली आणि यंत्रांची गरज भासली. बोरेल आणि लावाले या कंत्राटदारांनी वाफेवर चालणारी, साखळीला ओळीने बादल्या लावलेली यंत्रे आणली. आपल्याकडच्या रहाटाला जशा पोहऱ्यांची माळ असते, तसाच हा प्रकार. बादल्या खाली जात, वाळू किंवा गाळ भरून वर येत आणि रित्या होत. सुवेझच्या मार्गावर बहुतेक ठिकाणी वाळू, गाळ आणि मऊ माती होती. काम मोडण्याचे कमी, उचलण्याचे अधिक होते. १८६९ मध्ये कालवा खुला झाला.

लेसेप्स यांनी १८८१ मध्ये पनामात काम सुरू केले, तेव्हा पाठीशी सुवेझचा अनुभव होता. पण पनामाच्या मध्यभागी कुलेब्राची टेकडी होती : खडक, दगडगोटे, शेल आणि चिकणमाती यांचे मिश्रण. मऊ जमिनीत उत्तम चालणारी साखळी-बादल्यांची यंत्रे इथे दगड लागला की अडखळत. फ्रेंचांचा प्रयत्न १८८९ मध्ये बुडाला, तो केवळ यंत्रांमुळे नव्हे. पिवळा ताप, मलेरिया, पैशाचा गैरव्यवहार आणि समुद्रसपाटीवर कालवा काढण्याचा हट्ट ही त्याची मोठी कारणे होत. तरीही सुवेझची माती जणू पनामातही असेल असे मानून आखणी करणे ही त्या अपयशातली एक महत्त्वाची कडी होती.

१९०४ मध्ये अमेरिकेने काम हाती घेतले. त्यांच्याजवळ वेगळे हत्यार होते : वाफेचा फावडा. विल्यम ओटिस या तरुण अमेरिकन अभियंत्याने त्याचे पेटंट १८३९ मध्ये मिळवले होते. त्याच वर्षी, वयाच्या २६ व्या वर्षी, ते वारले. पुढे रेल्वेच्या कामांत हे यंत्र मोठे आणि दणकट होत गेले. पनामात अशी १०२ यंत्रे आणली गेली, त्यांतली ७७ बुसायरस कंपनीची होती. त्यांतील ९५ टनी यंत्राच्या बादलीत एका वेळी ५ घनयार्ड, म्हणजे सुमारे ३.८ घनमीटर माल मावे. बादलीच्या ओठाला जाड पोलादी दात असत. आधी डायनामाइटने खडक फोडायचा, मग दातांनी ढिगाऱ्यात शिरून तो ओढायचा आणि आगगाडीच्या वाघिणीत टाकायचा, असा क्रम होता. १९१४ मध्ये कालवा खुला झाला.

जिथे दात हरले

ही दाताच्या विजयाची कथा वाटेल, पण त्याच कुलेब्रात एक उलटा प्रसंग घडला. ऑक्टोबर १९०७ मध्ये जोरदार पावसानंतर कुकाराचा नावाच्या जागी टेकडीचा उतार घसरू लागला. लाखो घनमीटर चिकणमाती हिमनदीसारखी हळूहळू खोदलेल्या खाचेत उतरत राहिली. वाफेचे फावडे तिच्यापुढे निरुपयोगी ठरले, कारण माती फारच मऊ होती. ती उचलली जाईना. शेवटी उंचावरून पाण्याचा जोरदार प्रवाह सोडून तिचा बराचसा भाग वाहून न्यावा लागला. खडकाला पुरून उरलेले यंत्र चिखलापुढे थांबले.

असे का झाले, याचे समाधानकारक स्पष्टीकरण कार्ल टेरझागी यांच्या १९२५ च्या ग्रंथानंतर मिळाले. मातीच्या छिद्रांत पाणी भरले की वरचे बरेचसे ओझे ते पाणीच पेलते. कणांवरचा दाब कमी होतो आणि दाबाच्या प्रमाणात मिळणारे घर्षणही घटते. म्हणजे कूलाँब यांच्या सूत्रातला ‘दाब’ कणाकणांतला धरायचा, पाण्याने पेललेला वगळून. माती तीच, पण पाण्याने तिचा स्वभाव बदलतो.

आपल्या काळ्या मातीचे उदाहरण घ्या. उन्हाळ्यात ती विटेसारखी कडक होते आणि तिला भेगा पडतात. तेव्हा दाताशिवाय भागत नाही. पावसाळ्यात तीच माती पायाला आणि लोखंडाला चिकटते. तेव्हा दातांच्या फटीत ती गच्च बसते आणि बादली रिकामी होत नाही. म्हणून ‘काळ्या मातीला कोणती बादली?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणत्या महिन्यात?’ हेही विचारायला हवे.

ट्रॅक्टरचे गणित

आता ट्रॅक्टरकडे येऊ. बॅम्फर्ड यांच्या कारखान्याने १९५३ मध्ये एकाच ट्रॅक्टरला पुढे भरणारी बादली आणि मागे खोदणारा हात जोडला. भारतात या कंपनीचे उत्पादन १९७९ मध्ये हरियाणातील बल्लभगढ येथे सुरू झाले. पनामाचा फावडा ९५ टनांचा होता, ट्रॅक्टर काही टनांचा. ट्रॅक्टर किती जोराने ढकलू शकेल हे केवळ इंजिनावर ठरत नाही. चाके घसरू लागली की जोर संपला. म्हणून हे बल वजनाच्या ठरावीक अंशापेक्षा जास्त होत नाही.

सोपे आकडे घेऊ. ट्रॅक्टरचे वजन ४ टन आणि ढकलण्याचे बल त्याच्या निम्मे, म्हणजे २,००० किलोग्रॅम धरू. सरळ काठाची लांबी १८० सें.मी. आणि बोथट झालेली जाडी १ सें.मी. असेल, तर मातीला टेकणारे क्षेत्र १८० चौ.सें.मी. होते. दाब आला दर चौ.सें.मी.ला सुमारे ११ किलोग्रॅम. आता ६ दात घ्या, प्रत्येकाचे टोक ६ सें.मी. रुंद आणि १ सें.मी. जाड. क्षेत्र ३६ चौ.सें.मी. आणि दाब सुमारे ५६ किलोग्रॅम. ट्रॅक्टर तोच, जोर तोच, पण दाब पाचपट. घट्ट मुरमात सरळ काठ नुसता वरून घसरेल, दात मात्र शिरतील.

शिवाय दात स्वतःच्या रुंदीपुरतीच माती फोडत नाही. त्याच्या पुढची माती दोन्ही बाजूंना पंख्यासारखी फुटत जाते. म्हणून शेजारच्या दातांचे पंखे एकमेकांना भिडतील इतके अंतर ठेवले, तर मधली मातीही सुटते. इंग्लंडमधील ए. आर. रीस यांनी १९६० च्या दशकात हत्यारावरील विरोधाचे सूत्र मांडले. त्यात मातीचे वजन, तिची पकड, तिचे लोखंडाला चिकटणे आणि वरचा भार अशी चार पदे आहेत. कोरड्या वाळूत पकडीचे आणि चिकटण्याचे पद जवळजवळ गळून पडते. उरतो तो वजनाचा आणि घर्षणाचा प्रश्न. तिथे दात काही वाचवत नाहीत, उलट फटींतून वाळू सांडते. खत, धान्य, वाळू, खडी यांचे ढीग उचलायला, जमीन सारखी करायला आणि नाल्यातला मऊ गाळ खरवडायला सरळ काठच बरा. दात मागे चर ठेवतात, आणि जमिनीखाली नळ असेल तर तो फोडतात.

दात झिजतात हाही मुद्दा आहे. म्हणून ते वेगळे बसवलेले आणि बदलता येण्याजोगे असतात. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये शेफील्डला १२-१३ टक्के मँगॅनीज असलेले पोलाद शोधले. घाव बसतील तसा त्याचा पृष्ठभाग अधिक कठीण होत जातो. दगडात काम करणाऱ्या दातांना हे पोलाद उत्तम. पण वाळूत घाव बसत नाहीत, नुसते घासणे होते. तिथे हे पोलाद कठीण होण्याआधीच झिजते. धातूची निवडही शेवटी मातीच करते.

हत्यारावरून मातीची व्याख्या

हा प्रश्न यंत्र विकत घेणाऱ्यापुरता नाही. मातीकामाच्या मोजमापाचे जे भारतीय मानक आहे, त्यात मऊ माती आणि कठीण माती यांतला फरक ती कोणत्या हत्याराने निघते यावरून सांगितला आहे. कुदळ-फावड्याच्या साध्या वापराने निघते ती मऊ. टिकाव किंवा पहार नेटाने चालवावी लागते ती कठीण. पुढे खडकाचे प्रकारही असेच ठरतात.

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात लाखो लोक पाझर तलाव, बंडिंग आणि रस्त्यांच्या कामांवर गेले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. अशा कामांवर मजुरी खोदलेल्या घनमीटरवर मोजली की मातीचा वर्ग कळीचा ठरतो. कठीण मुरमाची नोंद ‘मऊ माती’ अशी झाली, तर दिवसभर टिकाव चालवणाऱ्याच्या हाती फावड्याची मजुरी पडते. खड्ड्याचे माप टेपने घेता येते, पण मातीची पकड टेपने मोजता येत नाही. टिकाव आणि फावडे यांतला फरक समजणे म्हणूनच हिशेबाचा आणि न्यायाचाही भाग आहे.

वर्गात करून पाहा

पत्र्याच्या सारख्या रुंदीच्या दोन पट्ट्या घ्या. एकीचा काठ सरळ ठेवा, दुसरीला कात्रीने दात पाडा आणि कडा कानशीने घासून घ्या. तीन तसराळ्यांत कोरडी वाळू, उन्हात वाळवलेली काळी माती आणि तीच माती ओली करून भरा. पट्टीला स्प्रिंग-काटा अडकवून ती ठरावीक खोलीवर ओढा. दर वेळी तीन गोष्टी नोंदवा : किती बल लागले, किती माती पुढे आली आणि पट्टीला किती चिकटून राहिली. काळ्या मातीचा प्रयोग रोज थोडे पाणी वाढवून आठवडाभर चालवला, तर कोणत्या दिवशी दात सोडून धार घ्यावी हे मुलांना स्वतःच ठरवता येईल. त्यांचे उत्तर गावातल्या एखाद्या जुन्या खोदकाम करणाऱ्याच्या उत्तराशी ताडून पाहा. कूलाँब यांचे नाव त्याने ऐकले नसेल, पण मूठभर माती हातात दाबून तो टिकाव घ्यायचा की फावडे हे सांगू शकेल.