यंत्रांची मोडी

आमच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांच्या वेळचे मोडी कागद होते. वडोदऱ्यातील जुन्या मराठी घरांत अशी एखादी ट्रंक बहुधा असतेच. कागद शाबूत, शाई शाबूत. वाचणारे मात्र वडिलांच्या पिढीबरोबर गेले. पुढेमागे कोणी जाणकार भेटेल तेव्हा निदान प्रती तरी हाती असाव्यात, म्हणून नोकरीत असतानाच आम्ही एक स्कॅनर विकत घेतला होता. निम्मे कागद उतरवून झाले आणि संगणक बदलावा लागला. नव्या विंडोजला तो स्कॅनर ओळखू येईना. उत्पादकाकडे पृच्छा केली, तेव्हा ‘या जुन्या नमुन्यासाठी नवा ड्रायव्हर निघणार नाही’ असे उत्तर आले. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. शेवटी आमच्या भाच्याने त्याच संगणकावर लिनक्स बसवले आणि स्कॅनरचा दिवा लागला.

आम्हांस याचे नवल वाटले. कारण ‘लिनक्सला हार्डवेअर जमत नाही’ ही तक्रार आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो होतो आणि एकदा स्वतः अनुभवलीही होती. त्यानिमित्ताने जो इतिहास धुंडाळला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगणे अवश्य आहे. छपाईयंत्र असो, मोडेम असो वा चित्रपटल चालविणारे कार्ड असो, प्रत्येक उपकरणाची स्वतःची लिपी असते. कोणत्या जागी कोणता आकडा लिहिला असता कोणती क्रिया घडते, हे त्याच्या निर्मात्यासच ठाऊक. ही लिपी जाणणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. आपल्या भाषेत बोलायचे तर मोडी वाचणारा कारकून. तो नसेल तर उत्तम यंत्रही आमच्या ट्रंकेतील कागदासारखे मुके.

गंमत अशी की मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचा उगमच अशा एका मुक्या यंत्रापाशी सापडतो. 1980 च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीकडून एक लेसर छपाईयंत्र मिळाले. ते वरचेवर अडकत असे. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत फेरफार करून, कागद अडकला की संबंधितांस संगणकावर सूचना जाईल अशी सोय केली होती. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र हाती नव्हती. ती कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका गृहस्थांकडे असल्याचे कळल्यावर स्टॉलमन यांनी ती मागितली. गुप्ततेचा करार केला असल्याने त्यांनी साफ नकार दिला. तो नकार स्टॉलमन यांच्या जिव्हारी लागला आणि 1983 मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. आमची हयात सरकारी दप्तरात गेली, ‘गोपनीय’ हा शेरा मारताना आमचाही हात कधी आखडला नाही. म्हणून हा प्रसंग वाचताना आम्ही थोडे ओशाळलो, हे कबूल केले पाहिजे.

ऑगस्ट 1991 मध्ये हेलसिंकीच्या लायनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या नव्या कार्यप्रणालीची वार्ता दिली, तेव्हा एटी पद्धतीच्या हार्ड डिस्कखेरीज अन्य डिस्कवर ती बहुधा कधीच चालणार नाही, असे त्याने प्रांजळपणे लिहिले होते. कारण साधे होते: त्याच्यापाशी तेवढेच होते. लिनक्सचे ड्रायव्हर वाढत गेले ते याच न्यायाने. ज्याच्या घरी जे कार्ड, त्याने त्याचा ड्रायव्हर लिहावा आणि इतरांस खुला करून द्यावा. अमेरिकेच्या नासा संस्थेत काम करणाऱ्या डोनाल्ड बेकर यांनी जाळ्याच्या कार्डांसाठी इतके ड्रायव्हर लिहिले की त्या काळी लिनक्स जाळ्याशी जोडणाऱ्यास बहुधा त्यांचाच आधार असे. निर्माता माहिती देई तेथे काम सुकर होई. न देई तेथे विंडोजमधील ड्रायव्हर यंत्राशी काय बोलतो ते चोरून ऐकून लिपी लावावी लागे. त्यात महिने जात, क्वचित वर्षेही.

सर्वांत कठीण प्रसंग आला तो नव्वदीच्या अखेरीस, मोडेमच्या बाबतीत. पूर्वीचा मोडेम स्वयंपूर्ण असे. ध्वनीचे आकडे आणि आकड्यांचा ध्वनी करण्याचे काम तो स्वतः करी. पुढे खर्च वाचविण्यासाठी ते काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर ढकलण्यात आले. मोडेमच्या नावाने उरले एक स्वस्त कार्ड, आणि खरा मोडेम विंडोजपुरत्या लिहिलेल्या गुप्त आज्ञावलीत जाऊन बसला. अशा मोडेमांस विनमोडेम हेच नाव पडले. 2000 साली आमच्याकडे नेमका तोच होता. भाचा तेव्हा महाविद्यालयात होता. मासिकासोबत आलेल्या सीडीवरून त्याने लिनक्स बसविले, चार रात्री जागला, पण फोन काही लागेना. अखेरीस त्याने संगणकाच्या मागे जोडायचा जुन्या पद्धतीचा मोडेम कुठूनसा उसना आणला आणि तो तत्काळ चालला. त्या काळचे शहाणपण हेच होते: खरेदीपूर्वी सुसंगत हार्डवेअरच्या याद्या पाहाव्यात, आणि खोक्यावरील नावावर विसंबू नये. कारण त्याच नावाच्या खोक्यात उत्पादक मधूनच निराळी चिप घालीत. कार्डाच्या आतील ओळखक्रमांक वाचला म्हणजेच खरे कुळ कळे.

बिनतारी जाळ्याच्या कार्डांनी पुढे हाच खेळ मांडला. तेथे एनडिस-रॅपर नावाची एक युक्ती निघाली: विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या पोटात चालवायचा. उसन्या कारकुनाकडून दप्तर वाचून घेण्यातला प्रकार. वेळ निभावे, पण कारकून चुकला तर त्याची चूक आपणांस दिसत नसे, सुधारता येत नसे.

जानेवारी 2007 मध्ये लिनक्सच्या कर्नलचे एक प्रमुख कारागीर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी उत्पादकांस जाहीर देकार दिला की उपकरणाची माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देऊ. प्रसंगी गुप्ततेचा करारही करू. मदतीस स्वयंसेवक भरपूर आले, काम मात्र अपेक्षेहून थोडे निघाले. त्याच वर्षी एएमडी कंपनीने आपल्या चित्र-कार्डांची कागदपत्रे खुली करण्यास आरंभ केला. 2010 मध्ये ब्रॉडकॉमने बिनतारी चिपांचा खुला ड्रायव्हर दिला. एनव्हिडियाने मात्र फार ताणले. 2012 मध्ये फिनलंडमधील एका सभेत टॉर्व्हाल्ड्स यांनी त्या कंपनीस उद्देशून जे शब्द उच्चारले, ते या पत्रिकेत छापण्याजोगे नाहीत. 2022 च्या मे महिन्यात तिनेही कर्नलमधील आपल्या ड्रायव्हरचा भाग खुला केला.

मग आमचा स्कॅनर कसा चालला? सेन नावाच्या प्रकल्पात नव्वदीच्या दशकापासून अनेकांनी स्कॅनरांचे ड्रायव्हर लिहून ठेवले आहेत. त्यांत आमच्या नमुन्याचाही निघाला. उत्पादकाने तो नमुना सोडला तरी खुला लिहिलेला ड्रायव्हर कोणाच्या तरी सांभाळात राहिला. सगळ्यांचे नशीब असे नसते. ज्या 386 चिपेवर लिनक्स जन्मले, तिचाच आधार 2013 सालच्या 3.8 या आवृत्तीत काढून टाकण्यात आला. सांभाळण्याचा त्रास उपयोगाहून अधिक झाला होता. टॉर्व्हाल्ड्स यांनीही त्यात भावनेचा प्रश्न आणला नाही. आम्हांस मात्र ते वाचून थोडे वाईट वाटले.

उरलेले कागद गेल्या पावसाळ्यात उतरवून झाले. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांनी त्यांतील पहिले दहा वाचून दिले आहेत. नऊ कागदांवर घोड्याच्या चंदीचा हिशेब आहे. दहाव्यात पणजोबांनी आपल्या धाकट्या भावास, पुण्याहून परत का येत नाहीस, असे विचारले आहे. हे भाऊ आम्हांस आजवर ठाऊकच नव्हते.