ससूनमधली एक रात्र : ताण आणि शल्यविशारदाचा हात

१२ जानेवारी १९२४. पुण्याच्या ससून रुग्णालयात चोपन्न वर्षांच्या एका कैद्याचे अपेंडिक्स रात्रीच काढणे भाग होते. कैदी होते महात्मा गांधी. मार्च १९२२ मध्ये राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाल्यापासून ते येरवड्याच्या तुरुंगात होते. शस्त्रक्रिया करणार होते कर्नल मॅडॉक, सरकारी नोकरीतले इंग्रज सर्जन. मुंबईचे डॉ. दलाल आणि बडोद्याचे डॉ. जीवराज मेहता यांची नावे पुढे आली होती, पण ते पोहोचेपर्यंत थांबणे धोक्याचे होते. रोगी दगावला असता तर देशात काय उसळले असते, हे सरकारला पुरते ठाऊक होते.

म्हणून श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून त्यांच्यासमोर एक निवेदन तयार झाले. डॉक्टरांवर आपला पूर्ण विश्वास आहे आणि काही विपरीत घडलेच तर सरकारविरुद्ध आंदोलन होऊ नये, अशी गांधींची भूमिका होती. (याच गांधींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टरांवर आणि इस्पितळांवर सडकून टीका केली होती.) सही करताना हात थरथरला, तेव्हा तो थरथरणारा हात मॅडॉकना दाखवून ‘हे तुम्हाला नीट करावे लागेल’ अशा अर्थाचे ते हसत बोलले, असे शास्त्रींनी नोंदवले आहे.

शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली. मग परिचारिकेच्या हातातली बॅटरीही विझली. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. नंतर जखमेत पू झाला, प्रकृती सुधारायला वेळ लागला, पण रोगी वाचला. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली.

ही गोष्ट बहुधा मॅडॉक यांच्या धैर्याची म्हणून सांगितली जाते. मला ते अपुरे वाटते. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवर केलेले प्रयोग आठवा. काम सोपे असेल तर विजेचा झटका जोरदार असूनही उंदीर लवकर शिकत. काम अवघड झाले की मध्यम झटकाच सर्वांत उपयोगी पडे. पाठ्यपुस्तकांत उलट्या ‘यू’ची एकच वक्ररेषा काढतात, त्यात कामाच्या अवघडपणाचा हा मुद्दा हरवतो. आता हे माणसाला लावून पाहा. शेकडो वेळा पोट उघडलेल्या सर्जनला अपेंडिक्स काढणे ‘सोपे’ असते, नवशिक्याला तेच ‘अवघड’. ताण तोच, पण दोघांच्या रेषा वेगळ्या. म्हणजे आपण ज्याला मनाचा खंबीरपणा म्हणतो, त्यातला बराच भाग हाताच्या सरावाचा असतो.

सगळाच मात्र नव्हे. रायपूरला आमच्या प्रयोगशाळेत सोल्डरिंग चालू असताना वीज गेली, तर सारखाच सराव असलेल्या दोन मुलांपैकी एक गोठून उभा राहतो. दुसरा मोबाइलचा टॉर्च लावून आधी तापलेली सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवतो आणि मग विचार करतो. लंडनच्या संशोधकांनी सर्जनांच्या मुलाखती घेऊन २००६ साली जे प्रसिद्ध केले, त्यात हेच दिसते. ताण आला की अनुभवी सर्जन क्षणभर हात थांबवतात, मागे सरतात, परिस्थिती नव्याने जोखतात, सहकाऱ्यांशी बोलतात. ही सवय सगळ्यांत सारखी नसते, आणि पूर्वी ती कोणी मुद्दाम शिकवतही नसे. स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे सर्जनांच्या अशा बिगरतांत्रिक कौशल्यांचे मोजमाप करणारी पद्धत तयार झाली. तीत परिस्थितीचे भान, निर्णय, संवाद आणि नेतृत्व यांचे निरीक्षण करून गुण देतात.

या दृष्टीने ससूनची रात्र पुन्हा वाचा. मॅडॉक यांच्यावर दोन ताण होते. राजकीय ताणाचा मोठा वाटा रोग्यानेच सही करून, आणि वर थट्टा करून, आधीच हलका केला होता. उजेडाचा ताण अचानक आला. तो निभावला बॅटरी धरणाऱ्या परिचारिकेने आणि वेळेवर मिळालेल्या कंदिलाने. शिल्लक राहिले ते पोटाच्या आतले काम, आणि ते मॅडॉक यांच्या रोजच्या सवयीचे होते.